हरवलेला डग्गा : एका स्विफ्टच्या ऑडिओचं प्रकरण

गाडी 2018 ची मारुती स्विफ्ट, पेट्रोल. मालक नोकरीला पुण्यात, गाव चिपळूण. त्यामुळे सातारा, कराड, कुंभार्ली घाट ही फेरी नेहमीची. ऐकणं मुख्यतः अभंग, नाट्यसंगीत आणि जुनी भावगीतं. मूळ स्टिरिओ काढून नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवलेला. पुढच्या दारांत '300 वॉट' छापलेले साडेसहा इंची कोएक्सियल (खालचे सूर देणारा वूफर आणि वरचे देणारा ट्वीटर एकातच), मागे पार्सल ट्रेवर 6×9 चे ओव्हल आणि डिकीत '1200 वॉट'ची बारा इंची अ‍ॅक्टिव्ह बास ट्यूब (स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला नळीच्या आकाराचा सबवूफर). या सगळ्यावर 34 हजार खर्च झालेले.

एवढं करूनही गायक मागच्या सीटवर बसून गातोय असं वाटायचं. तबल्याची चाट ऐकू यायची, पण डग्गा गायब. ट्यूब वाढवली की कुठलंही गाणं एकाच सुरात घुमायचं आणि महामार्गावर आवाज वाढवला की कानाला टोचायचं. मालकांनी उपायही ठरवून ठेवला होता: मोठा अ‍ॅम्प आणि आणखी एक सबवूफर. वरखर्चाची मर्यादा 45 हजार.

हा उपाय चुकीचा होता, आणि का चुकीचा ते कळायला काहीही विकत घ्यावं लागत नाही.

आधी कागदावरचे वॉट

स्टिरिओवर '50 वॉट × 4' लिहिलेलं असतं. गाडी चालू असताना बॅटरीवर 14.4 व्होल्ट मिळतात. 14.4 चा वर्ग भागिले 4 ओहम, उत्तर 51.8. म्हणजे आवाज पूर्ण फाटून त्याची चौकोनी लाट झाली की मिळणारा हा आकडा आहे. न फाटलेल्या लाटेसाठी हिशेब निम्म्यावर, 26 वॉटवर येतो आणि आतल्या चिपचं नुकसान धरलं की हाती 18 ते 20 वॉट उरतात. स्टिरिओ स्वस्त असो की महाग, आत वेगळा पॉवर सप्लाय नसेल तर यापलीकडे फारसं जाता येत नाही. महामार्गावरचं टोचणं इथलंच होतं. आवाजाची पट्टी 30 च्या पुढे गेली की स्टिरिओ फाटत होता. दोष स्पीकरचा नव्हता.

ट्यूबचा हिशेब तर आणखी सोपा. मागच्या पॅनलवरचा फ्यूज बघायचा. तो 15 अँपियरचा होता. 15 गुणिले 13.8 म्हणजे 207 वॉट, आणि ही आत जाणारी वीज झाली. त्यातली काही उष्णतेत जाणार, म्हणजे सलग बाहेर पडणार फार तर सव्वाशे-दीडशे वॉट. 1200 हा आकडा खोक्यावर राहतो. दुकानात उभं राहून करता येणारी इतकी खात्रीची परीक्षा दुसरी नाही. फ्यूज दाखवायला दुकानदाराने कां-कू केली तर तेही उत्तरच समजावं.

डग्गा कुठे गेला

डग्ग्याचं वजन साधारण शंभर हर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात असतं. सबवूफर 70-80 च्या खाली काम करतो. वरचं सगळं पुढच्या दारातल्या साडेसहा इंची वूफरने द्यायचं. म्हणून तबला पोकळ वाटत असेल तर डिकीकडे न बघता दाराकडे बघावं.

पहिली चाचणी बॅलन्सची. ट्यूब बंद, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी पट्टी) पूर्ण पुढे, मोनो रेकॉर्डिंग. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला की बास ठीक, पूर्ण उजवीकडे नेला तरी ठीक, आणि मध्यावर आणला की दोन्ही बाजूंपेक्षा पातळ! असं झालं की एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे आहेत असं जवळजवळ नक्की. एक शंकू पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघं मिळून खालचे सूर एकमेकांत खाऊन टाकतात.

दाराचं पॅनल उघडलं. मूळ कपलर कापून वायरी पिळलेल्या, वरून काळी इन्सुलेशन टेप. उजव्या दारातली टेप सोडवली तर आतल्या तांब्यावर हिरवा गंज चढलेला, कारण काचेच्या पट्टीतून आत येणारं पावसाचं पाणी नेमकं त्या जोडावरून ओघळत होतं. दीड व्होल्टचा सेल क्षणभर वूफरच्या वायरींना लावला. डावा शंकू बाहेर आला, उजवा आत गेला. (ही सेलची चाचणी वूफरपुरतीच. ट्वीटरला तिचा उपयोग नाही.)

दुसरी गोष्ट दाराची. स्पीकर थेट पातळ प्लॅस्टिकच्या मूळ रिंगवर दोन स्क्रूंनी टेकवलेला, कडेने बोट जाईल एवढी फट. शंकूच्या मागचा आवाज त्या फटीतून पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारतो. पुन्हा तेच खाऊन टाकणं. बाहेरच्या पत्र्यावर टिचकी मारली तर डब्यासारखा 'टण्ण' आवाज. असा पत्रा स्वतःच एक वाईट स्पीकर असतो.

म्हणून पहिल्या टप्प्यात एकही स्पीकर विकत घेतला नाही. पोलॅरिटी सरळ केली, गंजलेला भाग कापून नवीन जोड सोल्डर केले, वर हीट-श्रिंक नळी चढवली, आणि दारं हाताळली.

दारांचं काम

पुढच्या दोन दारांना मिळून पत्र्याची थरथर मारणारी 20 चौरस फूट शीट लागली: प्रत्येक दारात बाहेरच्या पत्र्याला आतून 5 आणि आतल्या पत्र्याला 5. शीट 2 मिलिमीटर ब्युटाइलची, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. डांबराच्या स्वस्त शीट मिळतात, पण उन्हात उभ्या गाडीचं दार तापलं की त्या मऊ पडतात, वास सोडतात आणि वर्षभरात घसरून काचेच्या यंत्रणेत अडकतात. विदर्भात राहणाऱ्याने तर त्यांच्या वाटेला जाऊच नये. ब्युटाइलचं वजन चौरस फुटाला पाव किलोहून थोडं जास्त, म्हणजे दाराला तीन किलोच्या आत. बिजागरीला त्याने काही होत नाही.

आतला पत्रा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला. धुळीवर शीट चिकटत नाही, नुसती टेकते. मग स्टीलच्या रोलरने फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबलं. पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते, स्पीकरच्या बरोबर मागचा भाग मात्र सलग हवा. आतल्या पत्र्यातली मोठी भोकं बंद केली की दार स्पीकरची पेटी म्हणून वागू लागतं. इथे सगळ्यात जास्त बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, दाराच्या तळाशी असलेली पाणी जायची भोकं उत्साहाच्या भरात बुजवली जातात. कोकणातल्या एका पावसाळ्यात असं दार आतून पाण्याने भरतं आणि खालची शिवण गंजते. दुसरं, मूळ प्लॅस्टिकचा पडदा फाडून फेकून दिला जातो. तो परत लावायचाच. पाणी पॅनलच्या आत येऊ न देणं हे त्याचं काम आहे.

रिंग एमडीएफची करू नये, ओलाव्याने फुगते. इथे 12 मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या रिंगा वापरल्या. पत्र्याच्या बाजूला फोमची पट्टी, आणि चार स्क्रू. स्पीकरच्या पुढच्या कडेभोवतीही फोमची गादी लावली, ती पॅनलच्या जाळीला टेकते. नाहीतर निम्मा आवाज पॅनलच्या आतच फिरत राहतो.

हे झाल्यावर तेच जुने कोएक्सियल लावून मालकांना ऐकवलं. डग्गा आला होता. खर्च 6,000, मजुरी वेगळी. इथेच थांबलं असतं तरी चाललं असतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण आवाज अजून घोट्यापाशी होता आणि महामार्गावरचं फाटणं होतंच. त्याला अ‍ॅम्प लागणार होता.

स्पीकर निवडताना

गायकाला डॅशबोर्डवर आणायचं तर ट्वीटर वर हवा, म्हणजे कोएक्सियलऐवजी कॉम्पोनंट. साडेसहा इंची वूफर दारात, 25 मिलिमीटरचा रेशमी डोम ट्वीटर आरशामागच्या त्रिकोणात, आणि मध्ये दोघांत सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर. किमतीत सारखेच दोन सेट समोर होते. एकावर '120 वॉट आरएमएस, 88 डीबी', दुसऱ्यावर '70 वॉट आरएमएस, 88 डीबी'. (आरएमएस म्हणजे सलग झेलता येणारे वॉट, डीबी म्हणजे ठरलेल्या विजेवर निघणारा आवाज.) घाईत पहिलाच उचलला जातो. बारीक अक्षरात पहिल्याची मोजणी 2.83 व्होल्टवर होती. 4 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट म्हणजे 2 वॉट. तेव्हा 1 वॉटचा खरा आकडा 85. दुसऱ्याची मोजणी 1 वॉटवरच होती. 3 डीबीचा फरक भरून काढायला दुप्पट वॉट लागतात. अ‍ॅम्प चॅनलला 60 वॉटचा घ्यायचा होता, त्यामुळे 70 वॉटचा दुसरा सेट घेतला.

शंकू पॉलिप्रॉपिलीनचा, कडा रबराची. कागदी शंकूचा आवाज गोड असतो हे खरं, पण ओल्या दारात तो फार टिकत नाही. खोलीही मोजली. काच पूर्ण खाली घेऊन पत्र्यापासून काचेपर्यंत 62 मिलिमीटर, रिंग 12, एकूण 74. वूफरची खोली 66. काच आणि चुंबक यांत 8 मिलिमीटर राहिले. काच वर असताना मोजमाप घेणारे फिटर आहेत, आणि मग पहिल्याच टोलनाक्यावर काच खाली करताना कर्रर्र होतं.

ओव्हल काढून टाकले. हॅचबॅकचा पार्सल ट्रे पातळ असतो, तो थरथरतो. शिवाय करकचून ब्रेक लागला तर दोन चुंबकांसकट पुढे येऊ शकतो. मागच्या दारांतले मूळ स्पीकर स्टिरिओवरच ठेवले, फेडरने जेमतेम ऐकू येतील इतके.

अ‍ॅम्प, सब आणि ओहमचं गणित

अ‍ॅम्प एकच, चार चॅनलचा, 4 ओहमला 60 वॉट. पुढचे दोन चॅनल कॉम्पोनंटला, मागचे दोन ब्रिज करून (दोन्ही मिळून एक असे जोडून) सबवूफरला 180 वॉट. ब्रिज केल्यावर या अ‍ॅम्पला 4 ओहमच्या खाली चालत नाही, कारण प्रत्येक चॅनलला निम्माच भार दिसतो. दुकानात हाती ठेवलेला सब ड्युअल कॉइलचा होता, 4 + 4. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या तर 2 ओहम, अ‍ॅम्प तापून प्रोटेक्टमध्ये जाणार, म्हणजे स्वतःहून बंद पडणार. एकामागे एक जोडल्या तर 8 ओहम, वॉट निम्म्याच्या आसपास. म्हणून एकाच 4 ओहम कॉइलचा दहा इंची घेतला.

पेटी बंद प्रकारची, 18 मिलिमीटर एमडीएफची, आतून 40 × 30 × 19 सेंटिमीटर. हे 22.8 लिटर होतात. सबच्या शरीराचे दीडएक लिटर वजा केले की 21 उरतात आणि कंपनीच्या पत्रकातली शिफारस तेवढीच होती. नळीची पेटी जास्त जोरात वाजते, पण छोट्या बंद गाडीत खालचे सूर आपोआपच वाढतात. त्यावर नळीचा जोर चढला की जुन्या ट्यूबसारखं एकसुरी घुमणं परत येतं. स्विफ्टच्या 268 लिटरच्या डिकीत ही पेटी आडवी बसून गावचे आंबेही मावतात. ट्यूब असताना मागची सीट पाडावी लागे.

वायर

एकूण 300 वॉट. क्लास एबी अ‍ॅम्पची कार्यक्षमता 55 टक्के धरली तर 545 वॉट ओढले जाणार, म्हणजे 13.8 व्होल्टवर जवळजवळ 40 अँपियर. हे शिगेचं, गाण्यात सरासरी बरीच कमी. शुद्ध तांब्याची 8 गेज (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) वायर, म्हणजे 8.37 चौरस मिलिमीटर, पाच मीटरला या प्रवाहावर 0.4 व्होल्ट खाते. चालण्यासारखं आहे. आधी दाखवलेलं तयार किट '4 गेज'चं होतं, जाड आणि चकचकीत. एक तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी निघाली: अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. वर जाडीत निम्मं आवरणच. ते परत करून बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून 8 गेज मीटरवर घेतली.

फ्यूज 50 अँपियरचा, बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत. हा फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, अ‍ॅम्प वाचवण्यासाठी नव्हे. तो अ‍ॅम्पजवळ बसवला तर मधली पाच मीटर वायर उघडीच राहिली. इंजिनाच्या भिंतीतून वायर रबरी ग्रोमेटमधूनच आणायची. पत्र्याच्या धारेवर घासून आवरण गेलं की आग लागते. अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची वायर) 40 सेंटिमीटर लांबीचा, त्याच जाडीचा. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर दातेरी वॉशर घालून बोल्ट, मग वरून गंजरोधक रंग. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही.

पॉवरची वायर डाव्या बाजूने, आरसीए (स्टिरिओतून गाण्याचा सिग्नल नेणारी केबल) उजव्या बाजूने. तरीही गाडी चालू केल्यावर पुढच्या स्पीकरमधून बारीक 'ऊंऽऽ' येऊ लागलं, अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारं. आवाजाची पट्टी शून्यावर असतानाही.

इथे बहुतेक ठिकाणी अशी शीळ अडवणारा 300 रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावून मोकळे होतात. स्वस्तातला आयसोलेटर खालचे सूर खातो, म्हणजे इतकं करून आणलेला डग्गा पुन्हा अर्धा जातो. आधी शोध घ्यावा. गाडी बंद करून अ‍ॅम्पच्या बाजूने आरसीए काढल्या, गाडी चालू केली: शांत. म्हणजे अ‍ॅम्प आणि त्याचा अर्थ ठीक, गडबड वरच्या बाजूला. मल्टिमीटर ओहमवर ठेवून स्टिरिओच्या आरसीएचं बाहेरचं कडं आणि स्टिरिओची पत्र्याची बॉडी यांच्यात मोजलं. एक ओहमच्या आत यायला हवं होतं, मीटरने काहीच दाखवलं नाही. आतला अर्थचा बारीक मार्ग जळालेला. स्टिरिओ चालू असताना कुणीतरी कधीतरी ट्यूबची आरसीए ओढली असणार. अशा वेळी अ‍ॅम्पचा प्रवाह त्या धाग्यासारख्या मार्गातून जातो. ट्यूब फक्त खालचे सूर वाजवायची, म्हणून ही शीळ तेव्हा ऐकूच आली नाही. आरसीएच्या कड्यांभोवती उघडी तार गुंडाळून ती स्टिरिओच्या बॉडीच्या स्क्रूला बांधली आणि शीळ बंद झाली. स्टिरिओ उघडून तो मार्ग सोल्डर करणं हा पक्का उपाय, तो पुढच्या सर्व्हिसिंगला.

गेन आणि वेळ

गेन हा आवाजाचा स्क्रू नाही, स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवण्याचा आहे. स्पीकर सोडवून ठेवले, इक्वलायझर सपाट, स्टिरिओ 40 पैकी 30 वर. 1 किलोहर्ट्झचा टोन लावून पुढच्या चॅनलवर एसी व्होल्ट मोजले. 60 गुणिले 4 म्हणजे 240, त्याचं वर्गमूळ 15.5, तेवढे व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवला. सबसाठी 50 हर्ट्झचा टोन, 180 गुणिले 4 चं वर्गमूळ 26.8. तिथून सबचा गेन कानाने बराच खाली आणला, अभंगांना तेवढा लागत नाही. पुढचा हाय-पास (खालचे सूर अडवणारा) 80 वर, सबचा लो-पास (वरचे अडवणारा) 75 वर. बास बूस्ट शून्य.

सगळ्यांचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचावा म्हणून डोक्यापासून अंतरं टेपने मोजली: उजवा स्पीकर 95 सेंटिमीटर, डावा 140, सब 170. आवाज मिलिसेकंदाला 34.3 सेंटिमीटर जातो. सब सगळ्यात लांबचा, म्हणून त्याला शून्य, डाव्याला 0.87 आणि उजव्याला 2.19 मिलिसेकंदांचा उशीर. आकडे भरल्याबरोबर गायक स्टिअरिंगच्या उजव्या कोपऱ्यातून निघून काचेच्या मध्यावर आला. शेजारी बसलेल्याला मात्र आता जरा वाईट ऐकू येतं. त्यासाठी उशीर नसलेला दुसरा प्रीसेट ठेवला, घरची मंडळी बरोबर असताना वापरायला.

शेवटचा हिशेब असा: शीट आणि रोलर 4,800, रिंगा आणि फोम 1,200, कॉम्पोनंट 9,500, अ‍ॅम्प 11,000, सब 5,200, पेटी 2,300, वायर-फ्यूज-लग 3,600, मजुरी 4,500. एकूण 42,100. सब 45 हर्ट्झवर मागची नंबरप्लेट वाजवत होता. तिच्यामागे फोम टेप लावली.

काढलेलं सामान घरी

ट्यूब आणि ओव्हल घरच्या हॉलमध्ये लावता येतील का, हा मालकांचा पुढचा प्रश्न. ट्यूब चालेल. तिला 12 व्होल्ट, 20 अँपियरचा एसएमपीएस (घरच्या विजेवरून 12 व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) पुरतो; रिमोटच्या (चालू होण्याचा इशारा घेणाऱ्या) टर्मिनलला 12 व्होल्टचीच वायर एका छोट्या स्विचमधून द्यायची, आणि टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून आरसीए. जाळीच्या पत्र्यातल्या एसएमपीएसचे 230 व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. घरात लहान मुलं असतील तर तो झाकणाच्या डब्यात, हवा खेळेल असा बसवावा. भिंतीच्या कोपऱ्यात ठेवली की ट्यूब पुन्हा घुमेल, म्हणून कोपऱ्यापासून दूर आणि गेन अगदी कमी.

ओव्हलचं मात्र जमणार नाही. ते 4 ओहमचे आहेत आणि घरच्या अ‍ॅम्पच्या मागे '6 ते 16 ओहम' छापलेलं आहे. हळू आवाजात तो सहन करेल, सणावाराला जोरात लावला की तापून बंद पडेल. शिवाय हे स्पीकर डिकीच्या मोठ्या हवेवर काम करायला बनवलेले, बुकशेल्फएवढ्या पेटीत घातले की बास फुगून बसतो. ते विकून टाकावेत.